अर्धवट धरणाचा पावसाळा

पानशेत म्हटले की पुण्यातली जुनी माणसे पेठांची नावे घेऊ लागतात. नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार. कुणाच्या माडीपर्यंत पाणी चढले, कुणाचा वाडा बसला, लकडी पूल कसा दिसेनासा झाला. १२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकरांनी आठवणीत इतका घट्ट धरून ठेवला आहे की तो केवळ पुण्याचाच वाटावा. ज्यांची घरे गेली, माणसे गेली, त्यांनी तो तसा का धरून ठेवू नये? पण या प्रलयाचे मूळ शहराच्या नैर्ऋत्येला वेल्हे तालुक्यात आहे. आता ज्याला राजगड तालुका म्हणतात, त्या मावळात. तिथे आंबी नदीवर एक धरण बांधले जात होते आणि ते बांधून झालेले नव्हते. पानशेतची दुर्घटना ही आधी एका चालू बांधकामावरची दुर्घटना आहे. पुराची गोष्ट त्यानंतर सुरू होते. हा क्रम डोळ्याआड झाला, तर ‘पाऊस फार झाला आणि धरण फुटले’ एवढेच हाती उरते. ते पुरेसे नाही, आणि खरेही नाही.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांना धरणे नवी नव्हती. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, मोसे, आंबी या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून पूर्वेला उतरतात. पावसाळ्यात त्या तट फोडतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत दगड मोजता येतात. वरच्या मावळात पाऊस धो धो पडतो आणि खाली बारामती, दौंड, इंदापूरकडे तो पोचेपर्यंत ढग रिते झालेले असतात. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर ही विषमता इंग्रज सरकारला फार टोचू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भोर संस्थानाच्या हद्दीत भाटघरला वेळवंडी अडवली गेली, आणि पुढे त्याच ठिकाणी मोठे लॉईड धरण बांधून ते १९२८ साली पूर्ण झाले. त्याआधी, १८७९ साली, मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले होते. पुण्याला पिण्याचे पाणी आणि कालव्याखालच्या शेतीला भिजवणी असा त्याचा दुहेरी उपयोग.

ही दोन्ही धरणे दगडी होती. घडीव दगड, चुना आणि पाथरवटांचे हात यांवर ती उभी राहिली. दगडी धरणाचा एक गुण असा की बांधकाम चालू असताना पाणी माथ्यावरून वाहून गेले तरी भिंत सहसा टिकते. मातीच्या धरणाला ही सवलत नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी गेले की ते पाणी भिंतीला आपल्याबरोबर घेऊन जाते. पानशेत मातीचे होते. पुढे जे घडले ते समजून घ्यायला हा एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर पुणे झपाट्याने वाढू लागले. १९५० मध्ये महानगरपालिका झाली, खडकवासल्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास गेली. खडकवासल्याचा जुना तलाव या वस्तीला आणि खालच्या शेतीला मिळून अपुरा पडणार हे उघड दिसत होते. तेव्हा वर मावळात आंबी नदीवर मोठा साठा करायचा, पावसाळ्यानंतर तो हळूहळू खडकवासल्यात सोडायचा आणि तिथून शहराला व कालव्याला द्यायचा, अशी योजना ठरली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७ मध्ये, पानशेतला प्रत्यक्ष काम सुरू झाले.

योजना चांगली होती. हे मुद्दाम म्हटले पाहिजे, कारण दुर्घटनेनंतर सगळ्याच गोष्टींवर काळे फासण्याची आपल्याला सवय असते. जागा योग्य होती, नदी योग्य होती, गरज खरी होती. आज पुण्यातला माणूस नळ सोडतो तेव्हा त्यातले पुष्कळसे पाणी याच खोऱ्यातून आलेले असते.

मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मधोमध घट्ट, पाणी न झिरपू देणाऱ्या मातीचा गाभा. त्याच्या दोन्ही अंगांना जरा भरड मातीचे पट्टे. आणि त्याबाहेर मुरूम-गोट्यांचे जाड कवच. माती थराथराने टाकायची, हव्या तेवढ्या ओलीवर आणायची, रोलरने दाबायची, मग पुढचा थर. एकाही थराची घाई चालत नाही. नीट न दाबलेला थर आत लपून राहतो आणि पाण्याचा भार आला की खाली बसतो. नव्या भरावाला पाण्याची सवय व्हावी लागते. म्हणून कोणतेही मातीचे धरण पहिल्यांदा भरताना पाणी टप्प्याटप्प्याने चढवायचे, प्रत्येक टप्प्यावर थांबायचे, भेगा आणि पाझर पाहायचे, असा जाणत्यांचा शिरस्ता असतो. हे थांबणे हाती असायचे तर पाणी बाहेर काढायची वाट आपल्या ताब्यात हवी. ती वाट म्हणजे धरणाच्या तळातून जाणारी मोरी, अभियंत्यांच्या भाषेत विमोचक. तिच्या तोंडाशी दारे असतात. ती उचलायची-पाडायची यंत्रणा असते. जादा पाणी सांडव्यावरून जाते, पण सांडवा उंचावर असतो. पाणी सांडव्याच्या उंबरठ्याला टेकेपर्यंत धरणाचा सगळा लगाम मोरीच्या हाती असतो.

पानशेतची मोरी धरणाच्या डाव्या अंगाला खोदलेल्या चरातून नेलेली होती. वर कित्येक मीटर उंचीच्या भरावाचे ओझे. अशा ठिकाणी लोखंडी सळ्यांचे काँक्रीट वापरायचे, हे त्या काळीही सर्वमान्य होते. पण १९५७-५८ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली होती, पोलादाची आयात आखडली होती, आणि देशभरातली सरकारी बांधकामे सळईसाठी ताटकळत होती. पानशेतला सळ्यांविनाच काँक्रीटच्या ठोकळ्यांवर काम भागवले गेले. कागदावर हा छोटा बदल दिसतो. प्रत्यक्षात धरणाच्या पोटातला सर्वांत नाजूक भाग सर्वांत दुबळा राहिला.

अशा धरणावर काम करणारी माणसे कोण, हेही या इतिहासात यायला हवे. महाराष्ट्रातली त्या पिढीची धरणे वडार, बेलदार, भूमिहीन मजूर आणि आसपासच्या गावचे अल्पभूधारक शेतकरी यांनी रोजंदारीवर बांधली. पुरुष खोदायचे, फोडायचे. बाया डोक्यावर पाट्या वाहायच्या. पोरे कामाच्या कडेला खेळायची. मुकादम हजेरीपटावर नावे घ्यायचा. दरड अंगावर येणे, सुरुंगाचा दगड लागणे, घसरून खाली जाणे, भरावाच्या कडेवरून गाडी उलटणे हे असल्या कामांवरचे नेहमीचे अपघात. १९४८ चा कारखाना कायदा कारखान्याच्या आवारापुरता होता. धरणाच्या कामावर त्याचा निरीक्षक येत नसे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात वीस फुटांहून उंच धरणाच्या बांधकामाचा उल्लेख होता, पण त्या कायद्याची पाळी अपघात झाल्यावर, भरपाई मागायला. अपघात होऊ नये म्हणून काय करायचे, हे सांगणारे बंधन बांधकामाच्या जागेवर जवळजवळ नव्हतेच. जोखीम मजुराने अंगावर घ्यायची आणि काम पुढे जायचे, हीच रीत. पानशेतच्या शेवटच्या रात्री जे झाले त्यात याच रीतीचा फार मोठा वाटा आहे, असे मला वाटते.

धरण १९६२ च्या पावसाळ्याआधी पुरे व्हायचे होते. पण पाणी एक वर्ष आधी, म्हणजे १९६१ च्याच पावसाळ्यात अडवायचे, असा निर्णय झाला. मुदत अलीकडे ओढली गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य जन्माला आले होते. नव्या राज्याला कामे दाखवायची होती, शेतीला पाणी द्यायचे होते, पुण्याची तहान होती. यातले एकही कारण हलके नव्हते. पण कारण चांगले असले म्हणून माती लवकर बसत नाही.

मावळात जून लागला की मातीकाम बंद होते. पहिल्या सरीत रस्त्यांचा चिखल होतो, भराव भिजतो, रोलर रुतायला लागतात, आणि मजूरही भाताच्या लावणीसाठी गावाकडे जायला निघतात. १९६१ चा जून आला तेव्हा पानशेतचा भराव पाणी अडवण्याइतका उंच झाला होता. मोरीचे काम मात्र पुरे नव्हते. दारे आणि ती उचलणारी यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती. आतला पृष्ठभाग खडबडीत, अर्धवट होता. म्हणजे नदी अडवायची भिंत तयार आणि नदीला आवरायचा लगाम अपुरा. अशा जागेवर पावसाळा येऊ देणे हाच धोका होता. पुढचे सगळे त्यातून ओघाने आले.

पाऊसही आला तो मावळातला. १८ जून ते १२ जुलै या काळात धरणाच्या परिसरात १७७८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात अख्ख्या वर्षात जेवढा पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस चार आठवडेही पुरे होण्याआधी कोसळला. पाणी सुरुवातीला दिवसाला ९ मीटरच्या वेगाने चढले. बारा दिवसांत ते २४ मीटर वर आले. ज्या भरावाला सवय व्हायला वेळ द्यायला हवा होता, त्याच्यावर पाण्याचा भार एकदमच चढला, आणि पाणी मध्येच थांबवायची सोय नव्हती.

मोरीतून पाणी सुटत होते, पण कसे? तोंडाशी दारांचा ताबा नाही, आत भिंती खडबडीत. कधी मोरी पूर्ण भरून वाहायची, कधी आत हवा कोंडायची आणि पाणी उसळायचे. दाब एकसारखा न राहता हिसके बसत होते. सळ्या नसलेल्या त्या बांधणीला हे हिसके तासन्‌तास, दिवसेंदिवस बसत राहिले. ओल्या मातीच्या भिंतीखालून गेलेली घरातली मोरी ढासळू लागली की वरची भिंत जशी तिथेच आत खचते, तसा पानशेतचा भराव मोरीच्या डोक्यावर खचू लागला. मोरीचे बांधकाम फुटत होते, वरची माती त्यात उतरत होती, आणि धरणाच्या माथ्यावर त्याची खूण उमटत होती.

ती खूण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दिसली. मोरीच्या वरच्या भागात, धरणाच्या लांबीला काटकोनात भेगा पडल्या आणि सुमारे ९ मीटर रुंदीचा पट्टा खाली बसू लागला. एका टप्प्यावर तो अडीच तासांत १.४ मीटर खचला. पाण्याची पातळी आणि धरणाचा माथा यांत मग फक्त ०.६ मीटरचे अंतर राहिले. दोन फूट! सांडवा चालू होता, त्याची क्षमता कमी पडलेली नव्हती. माथाच खाली येत होता.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान धरणावर पोचले. ज्येष्ठ संपत आलेला, चंद्राचा उजेड नाही, पाऊस थांबत नाही. खचलेल्या पट्ट्यावर वाळूची पोती रचून माथा पाण्याच्या वर ठेवायचा, एवढाच उपाय हाती होता. जवान, धरणावरचे अधिकारी आणि तिथे उरलेले कामगार यांनी रात्रभर पोती भरली, वाहिली, रचली. पायाखालची जमीन खचत होती आणि पलीकडे हातभर अंतरावर अख्खा जलाशय टेकला होता. पोत्यांचा थर रचावा आणि खालचा भराव तेवढाच उतरावा, असे ते काम.

त्या रात्रीला आपण शौर्य म्हणतो आणि ते शौर्य होतेच. या माणसांनी धरण रात्रीच्या अंधारात फुटू दिले नाही. ते पहाटेपर्यंत, उजाडेपर्यंत टिकले, म्हणून खालच्या खोऱ्यातल्या आणि पुण्यातल्या कितीतरी लोकांना पळता आले. मध्यरात्री झोपलेल्या पेठांवर तो लोंढा आला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. पण या शौर्याची वेळ का आली हे विचारल्यावाचून त्याचे नुसते कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते. ज्या दारांनी पाणी आवरायचे ती वेळेवर बसवली गेली नव्हती, म्हणून माणसांच्या पाठींवरून पोती गेली. मुदतीने वाचवलेला एक वर्षाचा काळ त्या एका रात्रीत या माणसांकडून वसूल केला गेला.

१२ जुलै, बुधवार. सकाळी सातच्या सुमारास पाणी माथ्यावरून गेले आणि मग मातीला काही अवधी राहिला नाही. भगदाड पडले, रुंदावले, आणि सारा साठा आंबीच्या खोऱ्यात उतरला.

पुढे वाट उताराची होती. आंबीचे खोरे पुढे खडकवासल्याच्या जलाशयाला मिळते, आणि तिथे ऐंशीहून अधिक वर्षांचे जुने दगडी धरण उभे होते. विश्वेश्वरय्यांनी तयार केलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये याच धरणावर पहिल्यांदा बसवली गेली होती. पूर आला की आपोआप उघडणारी ती दारे मुठेच्या पुरासाठी होती. वरचे अख्खे धरण अंगावर येईल असा हिशोब कुणी केला नव्हता. पाणी खडकवासल्याच्या माथ्यावरून २.७ मीटर उंचीने वाहू लागले. तरी ती भिंत चार तासांच्या आसपास उभी राहिली. नवी, अर्धवट बांधलेली मातीची भिंत पाणी माथ्याला लागताच गेली. जुन्या पाथरवटांचे काम एवढा वेळ झुंजले. शेवटी दुपारी खडकवासल्याचीही भिंत फुटली आणि दोन धरणांचे पाणी एकत्र होऊन पुण्यावर गेले.

शहरातली हकिकत अनेकांनी, आणि मनापासून, लिहिली आहे. इथे ती थोडक्यात पुरे. सकाळी नदी चढू लागली तेव्हा लोक ती बघायला पुलांवर गेले. मुठेचा पूर पुण्याला ओळखीचा होता. हे पाणी वेगळे आहे हे कळायला अनेकांना उशीर झाला. लकडी पूल आणि नवा पूल पाण्याखाली गेले. ओंकारेश्वराचे देऊळ बुडाले. नदीकाठच्या पेठांतले माती-लाकडाचे वाडे भिजून बसत गेले. वरून खाली उतरत गेलेल्या या लोंढ्यात सुमारे एक हजार माणसे दगावली, असा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो. हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

पाणी ओसरले आणि शहराला पाणी उरले नाही. खडकवासल्याचा तलाव रिता झाला होता. पुणेकर वाड्यांतल्या आडांकडे आणि कात्रजहून येणाऱ्या पेशवेकालीन नळाच्या हौदांकडे वळले. दोनशे वर्षांपूर्वीची ती व्यवस्था पुन्हा कामाला आली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी मदत आणि पुनर्वसनाचे काम सदाशिव गोविंद बर्वे यांच्याकडे दिले. पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त म्हणून शहर त्यांना गल्लीबोळांसकट माहीत होते. अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन हट्स उभ्या राहिल्या. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या पूरग्रस्तांसाठी वसत गेल्या. पुण्याचा आजचा नकाशा त्या पुराने किती बदलला हे या वस्त्यांतून फिरताना कळते. नदीकाठचा वाडा सोडून माणसे टेकड्यांच्या पायथ्याशी गेली आणि शहराचा तोंडवळा पालटला. वर्षभराच्या आत, १९६२ च्या निवडणुकीत, बर्वे पुण्यातून विधानसभेवर निवडून गेले.

चौकशीची मागणी लगेच झाली. सरकारने न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला. आयोगाचे काम पुरे होण्याआधीच बावडेकरांचा मृत्यू झाला, आणि मग न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. पुढे अभियंत्यांच्या वर्तुळात या दुर्घटनेची फार चिकित्सा झाली, आणि एका मुद्द्यावर तिची दिशा स्पष्ट आहे. पानशेत फुटले ते सांडवा लहान होता म्हणून नव्हे, पाया कच्चा होता म्हणूनही नव्हे. आणीबाणीत पाणी काढून देण्याची वाट अपुरी होती, तिच्यावरचे बांधकाम ढासळले आणि त्यासोबत माथा खचला. पावसाने निमित्त पुरवले. एक वर्ष आधी पाणी अडवण्याची घाई झाली नसती, तर तोच पाऊस त्या खोऱ्यातून नेहमीसारखा वाहून गेला असता.

इथे एक गोष्ट नीट पारखून घेतली पाहिजे. दोष कुणा एका अभियंत्याचा किंवा एका फाईलवरच्या एका सहीचा असे म्हणणे सोपे आहे, आणि त्या काळात तसे बोललेही गेले. पण सळईविना काम भागवले हा निर्णय एका ठिकाणचा, मुदत अलीकडे घेतली हा दुसऱ्या ठिकाणचा, दारे बसली नसताना पावसाळा अंगावर घेतला हा तिसऱ्या ठिकाणचा. प्रत्येक निर्णय घेणाऱ्याला बाकीचे दोन कुणीतरी सांभाळेल असे वाटत असावे. सगळ्यांचा भार एकाच जागी आला: पानशेतच्या मोरीवर, आणि तिच्या डोक्यावर पोती रचणाऱ्या माणसांवर.

मातीच्या धरणांबाबत महाराष्ट्राने हात आखडला नाही, आणि तसे करायची गरजही नव्हती. पानशेतचेच धरण पुन्हा बांधले गेले आणि १९७२ मध्ये पुरे झाले. आज त्याला तानाजीसागर म्हणतात आणि त्यात १०.६५ टीएमसी उपयुक्त साठा मावतो. शेजारी मोसे नदीवर वरसगावचे वीर बाजी पासलकर धरण झाले. वेल्ह्यात गुंजवणी, भोरमध्ये नीरा देवघर ही धरणेही नंतरच्या काळात उभी राहिली. या धरणांत बुडालेल्या गावांतली अनेक कुटुंबे डोंगर सोडून खाली दौंडकडच्या सपाटीला गेली. मावळातल्या या दोन तालुक्यांनी पुण्याला आणि पूर्वेकडच्या शेतीला जे दिले, त्याचा हिशोब पाण्यासोबत गावांतही करावा लागतो.

धरणाच्या सुरक्षेकडे लक्ष जायला मात्र आणखी एक प्रलय लागला. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमध्ये मच्छू नदीवरचे धरण फुटून मोरवी शहर बुडाले. त्याच सुमारास केंद्रीय जल आयोगात धरण सुरक्षेची वेगळी शाखा निघाली आणि नाशिकला महाराष्ट्राची धरण सुरक्षितता संघटना १९८० मध्ये सुरू झाली. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर धरणे तपासायची, भेगा-पाझर नोंदवायचे, दारे चालवून बघायची, असा शिरस्ता पडला. तो शिरस्ता असूनही २ जुलै २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण रात्री फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. तिथे धरण बांधून वर्षे झाली होती. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. पानशेतशी या घटनेचे सारखेपण एवढेच की दोन्हीकडे धोका दिसत होता आणि तो दूर करायला हवा तेव्हा हात हलले नाहीत.

बांधकामावरच्या मजुराला कायद्याने ओळखायला तर त्याहून उशीर झाला. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा १९९६ मध्ये आला, म्हणजे पानशेतनंतर पस्तीस वर्षांनी. त्याच्या व्याख्येत धरणे, कालवे, बोगदे यांचे काम स्पष्ट नोंदले होते. त्याखालच्या १९९८ च्या नियमांत घसरणे, पडणे यांच्या जोडीला पाण्यात बुडण्याचा धोकाही बांधकामावरचा धोका म्हणून गणला गेला आणि तो टाळण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर टाकली गेली. महाराष्ट्रात या कामगारांचे कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये उभे राहिले. १९६१ मध्ये आंबीच्या काठी हजेरीपटावर नाव असलेल्या कुणालाही यातले काही मिळाले नसते.

धरणांसाठी स्वतंत्र कायदा संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये केला, पानशेतला साठ वर्षे झाली त्या वर्षी. त्या धरण सुरक्षा कायद्यात जलाशय पहिल्यांदा भरण्याबद्दल वेगळे कलम आहे. भरण्याआधी अभियंत्यांनी टप्पे ठरवून तो आराखडा लेखी करायचा. आणीबाणीत कोणी काय करायचे, खालच्या गावांना कसे कळवायचे, याची योजनाही पाणी अडवण्याआधी तयार ठेवायची. अशी योजना नसताना धरणात पाणी चढू द्यायचे नाही, असे बंधन धरण ज्याच्या मालकीचे आहे त्याच्यावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारवरच, कायद्याने घातले आहे.